‘प्रेस’ : एका शब्दातला दाब



आजच्या व्याख्यानासाठी आपण एक इंग्रजी शब्द घेतला आहे, पण तो आता आपल्याला परका राहिलेला नाही. शब्द आहे ‘प्रेस’. विदर्भात किंवा खानदेशात कोणी सांगितलं की ‘मी प्रेसवर कामाला आहे’, तर तो बहुतेक कापसाच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यात असतो. पुण्याच्या पेठांत हेच वाक्य ऐकलं तर तो छापखान्यात असतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर. ‘कपडे प्रेसला दिलेत’ म्हटलं की लाँड्री. मोटरसायकलवर ‘प्रेस’ असं चिकटवलेलं दिसलं की पत्रकार. आणि ब्लाउजला लावतात ते प्रेस-बटण, ज्याला आपल्या घरांत टिचबटण म्हणतात.

एका शब्दात एवढी माणसं आणि एवढी यंत्रं कशी काय मावली? नुसती शब्दकोशातली गंमत म्हणून आपण हा प्रश्न घेत नाही. ‘प्रेसचं स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग आपण रोज ऐकतो आणि त्याचा अर्थ सहसा ‘पत्रकारांचं स्वातंत्र्य’ असा घेतो. म्हणजे तो एका व्यवसायाचा प्रश्न आहे, त्यांचं ते बघतील, अशी आपली समजूत होऊन बसते. आमचं म्हणणं असं आहे की हा शब्द मुळात पत्रकाराचा नाही, यंत्राचा आहे. सत्तेनेही शेकडो वर्षं लेखकाच्या आधी यंत्रालाच हात घातला. हे लक्षात आलं की ते स्वातंत्र्य कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर बदलतं. आज तेवढं एकच सूत्र धरून चालू.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणं. त्यापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘प्रेस’ आला. जुन्या इंग्रजीत त्याचा एक नेहमीचा अर्थ होता गर्दी, म्हणजे माणसाला माणूस दाबतो तो जमाव. दुसरा अर्थ कपाट, कारण कपडे घडी घालून दाबून ठेवायचे. आयर्लंडमध्ये आजही कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपड्यांच्या कपाटाला ‘हॉट प्रेस’. या शब्दाची भावकी तर केवढी मोठी! इम्प्रेस, एक्स्प्रेस, डिप्रेस, कॉम्प्रेसर, सप्रेस ही सगळी त्याच घरची. कॉफीचा एस्प्रेसो तोच, दाबून काढलेला. आणि ‘प्रिंट’ हा शब्दही त्याच ‘प्रेमेरे’पासून निघाला आहे. म्हणजे ‘प्रिंटिंग प्रेस’ या जोडशब्दात दाबणं दोनदा आलं.

मराठीने मात्र वेगळी वाट धरली. आपण छापखाना म्हणतो, मुद्रणालय म्हणतो. ‘छाप’ म्हणजे ठसा, ‘मुद्रा’ म्हणजे शिक्का. इंग्रजीने दाबण्याची क्रिया पाहिली, आपण उमटलेली खूण पाहिली. दाबण्यावरून आपल्याकडे वेगळेच शब्द आले, ते म्हणजे दबाव, दडपण, दडपशाही. आणि ‘छापा’ या शब्दाने मराठीत एक चमत्कार केला आहे. पुस्तक छापतात आणि पोलीस छापा घालतात. छापखान्यावर छापा, हे आपल्या इतिहासात कितीतरी वेळा घडलं. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आता यंत्राकडे वळू. छपाईच्या कितीतरी आधी प्रेस होतं ते द्राक्षांचं आणि ऑलिव्हचं. भूमध्य समुद्राच्या काठी आधी लांब तुळईने दाबत असत. मग मळसूत्र आलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मळसूत्राच्या दाबयंत्राची नोंद करतो आणि ही ग्रीकांकडून आलेली अलीकडची युक्ती आहे असं सांगतो. आपल्या तेलाच्या घाण्याशी त्याची तुलना करून बघा. घाण्यात बैल गोल फिरतो आणि लाट बी चिरडत राहते. मळसूत्रात माणूस दांडा ओढतो आणि त्या थोड्याशा ओढीचं रूपांतर खाली मोठ्या दाबात होतं. जोर लावणारा एकटा असतो, पण दाब मोठा, सगळीकडे सारखा आणि हवा तेवढाच मिळतो.

हा सारखा दाब कागदालाही हवा होता. युरोपात कागद तयार करणारे ओल्या तावांमधलं पाणी दाबून काढत, पुस्तकबांधणी करणारे दाबाखाली पुस्तक ठेवत, कापड दाबून गुळगुळीत करत. म्हणजे ऱ्हाईन नदीकाठच्या द्राक्षांच्या मुलखात योहान गुटेनबर्ग कामाला लागला तेव्हा दाबयंत्र त्याच्या आजूबाजूला सगळीकडे होतं. त्याचं मोठेपण धातूचे सुटे खिळे ओतण्यात, त्यांना चिकटेल अशी तेलाची शाई शोधण्यात आणि या सगळ्याचा दाबयंत्राशी मेळ घालण्यात होतं. १४५५ च्या सुमारास माइन्त्समध्ये त्याचं ४२ ओळींचं बायबल पुरं झालं. त्याच्या साधारण १८० प्रती निघाल्या असं मानतात.

आणि त्याच १४५५ मध्ये काय झालं बघा. योहान फुस्ट नावाच्या सावकाराने गुटेनबर्गला या उद्योगासाठी पैसे दिले होते. त्याने दावा लावला. निकाल फुस्टच्या बाजूने लागला आणि बायबल छापणारा छापखाना त्याच्या ताब्यात गेला. म्हणजे युरोपातल्या पहिल्या मोठ्या छापखान्यावर जप्तीसारखा प्रसंग आला तो राजाकडून किंवा धर्मपीठाकडून नव्हे, कर्जामुळे. छपाईचं यंत्र महाग असतं, ते एका जागी असतं आणि ते सहज हलवता येत नाही. म्हणून ज्याच्याकडे पैसा त्याला ते धरता येतं, आणि पुढे ज्याच्याकडे सत्ता त्यालाही धरता येतं.

इथे ‘प्रेस’ शब्दाचा एक भयंकर अर्थ सांगायला हवा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आरोपीने ‘मी दोषी’ किंवा ‘मी निर्दोष’ असं तोंडाने सांगितल्याशिवाय ज्यूरीपुढे खटला चालवता येत नसे. जो गप्प राहील त्याला जमिनीवर आडवं पाडायचं आणि अंगावर लोखंडाची किंवा दगडांची वजनं चढवत जायचं. तो बोलेल तरी किंवा मरेल तरी. याला ‘प्रेसिंग’ म्हणत. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाच्या एका भागाचं नावच ‘प्रेस यार्ड’ होतं. शिक्षा झाली तर मालमत्ता जप्त होई, खटलाच उभा राहिला नाही तर ती वारसांना मिळे, म्हणून काही जण गप्प राहून मरण पत्करत. अमेरिकेत सेलम गावी चेटकिणींचे खटले चालू असताना, १६९२ च्या सप्टेंबरात, गाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला शेतकरी असाच दाबून मारला गेला. त्याने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. ‘आणखी वजन ठेवा’ एवढंच तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. इंग्लंडमध्ये ही पद्धत १७७२ मध्ये रद्द झाली. बोलायला लावण्यासाठी दाब वापरणं हा प्रकार होता तो असा. आजही वार्ताहर मंत्र्याला प्रश्न विचारून विचारून उत्तर काढतो तेव्हा इंग्रजीत त्याला ‘प्रेस करणं’च म्हणतात. सुदैवाने त्यात दगड नसतात.

जाता जाता एक खुलासा. इंग्रजी आरमार बंदरांतल्या माणसांना जबरदस्तीने पकडून जहाजांवर नेत असे. त्या टोळ्यांना ‘प्रेस-गँग’ म्हणत. हा ‘प्रेस’ मुळात दुसरा आहे. भरतीच्या वेळी हातावर आगाऊ पैसे टेकवत, त्या रकमेच्या नावावरून, ‘प्रेस्ट’वरून, तो आला. पण लोकांना त्यात जबरदस्तीच दिसली आणि दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. लोकांच्या अनुभवाने व्युत्पत्तीवर मात केली ती अशी.

आता मूळ सूत्राकडे येऊ. छापण्याचं यंत्र आल्यावर राज्यकर्त्यांनी पहिल्यांदा काय केलं? यंत्रं मोजली. १६३७ मध्ये लंडनच्या स्टार चेंबरने हुकूम काढला की मुख्य मुद्रक फक्त २० असतील, खिळे ओतणारे फक्त चार, आणि कोणाकडे किती प्रेस असावेत हेही ठरलेलं. १६४४ मध्ये जॉन मिल्टनने छापण्याआधी परवाना घेण्याच्या पद्धतीविरुद्ध ‘अरिओपॅजिटिका’ ही पुस्तिका लिहिली. तरी १६६२ मध्ये परवान्याचा कायदा पुन्हा झाला आणि तो १६९५ मध्ये संपला तो मुदत वाढवून न दिल्यामुळे. ‘प्रेसचं स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग या झगड्यातून रूढ झाला. तेव्हा वार्ताहर नावाचा स्वतंत्र पेशा नीट उभाही राहिला नव्हता. त्या स्वातंत्र्याचा अर्थ साधा होता. यंत्र चालवायला आधी कोणाची परवानगी घ्यावी लागू नये. ‘प्रेस’ म्हणजे वृत्तपत्रं आणि पुढे ‘प्रेस’ म्हणजे पत्रकार, हे अर्थ नंतर चिकटत गेले.

आपल्याकडे हे यंत्र आलं ते योगायोगाने. १५५६ मध्ये पोर्तुगालहून निघालेलं एक प्रेस जेझुइट मिशनऱ्यांबरोबर गोव्याला पोहोचलं. ते जायचं होतं अ‍ॅबिसिनियाला. पुढचा प्रवास झाला नाही आणि यंत्र गोव्यातच राहिलं. गंमत म्हणजे आपला ‘इस्त्री’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला असं मानतात. म्हणजे कपडे दाबण्याचा शब्द आणि कागद दाबण्याचं यंत्र या दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर उतरल्या. १६१६ मध्ये राशोल इथे फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ते मराठीत पण रोमन लिपीत. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई थांबली ती १८२१ मध्ये ‘गाझेता द गोवा’ निघेपर्यंत. यंत्र येणं एक आणि ते ज्यांच्या भाषेत बोलावं त्यांच्या हातात येणं दुसरं.

१६७४ मध्ये सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याने कंपनीकडे मागणी करून मुंबईला हेन्री हिल्स नावाचा इंग्रज मुद्रक आणवला. भीमजींना आपल्या लिपीत जुने ग्रंथ छापायचे होते. पण हिल्सला छापता येत होतं, अक्षरं कोरता येत नव्हती. तो बेत फसला. त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला तेव्हा मुंबईत गणपत कृष्णाजी पुढे आले. अमेरिकन मिशनचं छपाईकाम पाहून त्यांनी स्वतः खटपट करून छापायला सुरुवात केली आणि १८३१ मध्ये पहिलं छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला सोवळ्यातली माणसं शिवत नसत, तर त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. म्हणजे मराठी छापखाना नुसतं यंत्र आणून सुरू झाला नाही, लोकांच्या मनातली अडचणही ओळखावी लागली. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी अक्षराला देखणं रूप दिलं.

याच काळात मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात दुसरं प्रेस वाढत होतं, ते कापसाचं. जहाजात मालाची जागा महाग, आणि कापूस फुगीर. म्हणून तो दाबायचा. आधी मळसूत्रावर माणसं जोर लावत, पुढे पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र आलं. त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रॅमाने १७९५ मध्ये घेतलं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मग खामगाव, अकोला, जळगाव अशा गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. आज कापसाची गाठ १७० किलोची धरतात. शेतकऱ्याच्या बैलगाडीत डोंगराएवढा दिसणारा कापूस प्रेसमधून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला ठोकळा होऊन निघतो.

या दोन प्रेसांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होतं? कापूस दाबणारं प्रेस व्यापाराचं होतं, ते जितकं वाढेल तितकं हवंच होतं. कागद दाबणाऱ्या प्रेसवर मात्र नजर होती. १७८० मध्ये कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकीने वृत्तपत्र काढलं. गव्हर्नर जनरलवर टीका केल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकलं, तरी तो आतून अंक काढत राहिला. १७८२ मध्ये त्याचे खिळे जप्त केले आणि वृत्तपत्र संपलं. माणूस कैदेत असताना जे थांबलं नाही ते खिळे उचलल्यावर थांबलं. हा धडा सरकारने लक्षात ठेवला.

पुढचे कायदे बघा. १७९९ मध्ये वेलस्लीने नियम केला की अंकावर मुद्रकाचं नाव हवं आणि अंक आधी सरकारला दाखवला पाहिजे. १८२३ मध्ये परवाना आला, त्याच्या निषेधार्थ राजा राममोहन रॉय यांनी आपलं फारसी साप्ताहिक बंद केलं. १८३५ मध्ये मेटकाफने परवाना काढून टाकला. १८५७ चा उठाव झाल्याबरोबर परवाना परत आला, आणि तो वृत्तपत्राला नव्हे, छापखाना ठेवण्यालाच हवा होता. मग १८६७ चा प्रेस आणि पुस्तक नोंदणी कायदा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर, अंकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं. आपल्या वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ओळ असते, ‘मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’. कधी ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ असंही असायचं. आपण ती कधी वाचत नाही. ती ओळ दीडशे वर्षांहून जुन्या त्या कायद्याची खूण आहे. गरज पडली तर यंत्र नेमकं कुठे आहे ते कळावं, यासाठी ती होती. २०२३ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला.

१८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा आणला. इंग्रजी वृत्तपत्रं मोकळी, मराठी-बंगाली वृत्तपत्रांना मात्र मुद्रकाने हमी लिहून द्यायची, अनामत ठेवायची, आणि सरकारला मजकूर खटकला तर अनामत आणि यंत्र दोन्ही जप्त. कोर्टात दाद नाही. ‘अमृतबझार पत्रिका’ या कायद्यातून सुटण्यासाठी लगोलग इंग्रजी झाली. पुण्यात मात्र याच काळात उलटं घडलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आर्यभूषण छापखाना उभा केला आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ मराठीत निघाला. लिटनचा कायदा तेव्हा अजून लागू होता, तो रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. टिळक आणि त्यांच्या मित्रांनी छापखाना हलवताना खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून नेल्या असं सांगितलं जातं. कर्ज काढून, हप्त्यांवर, पण यंत्र आपलं हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. लेख लिहिणं वेगळं आणि तो छापायला कोणी नाही म्हणू नये याची सोय करणं वेगळं.

१८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या शेजारी आरोपी म्हणून आणखी एक माणूस उभा होता, आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ. ते निर्दोष सुटले. लेख त्यांनी लिहिला नव्हता. त्यांचा संबंध होता छपाईशी. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात संपादकांची नावं आहेत. मुद्रक, खिळे जुळवणारे जुळारी, दांडा ओढणारे कामगार यांची फारशी नाहीत. कायद्याने मात्र त्यांनाही जबाबदार धरलं होतं.

१९१० चा प्रेस कायदा तर या बाबतीत फार उघड होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत घ्यायची. आक्षेपार्ह छापलं तर ती जप्त. पुन्हा सुरू करायचं तर १,००० ते १०,००० रुपये. तेही गेले की यंत्रच जप्त. तेव्हाचे ५०० रुपये लहान छापखान्याला परवडणारे नव्हते. आता मालकाच्या जागी आपण आहोत असं समजा. लेखक येतो, लेख चांगला आहे, तुम्हाला पटलाही आहे. पण पोट यंत्रावर आहे, कामगारांचे पगार यंत्रावर आहेत. तुम्ही म्हणता, ‘राहू द्या, दुसरीकडे बघा.’ सरकारला एक शब्दही बोलावा लागत नाही. लेखकावर हात न टाकता लेख थांबतो. शिवरामपंत परांजप्यांचं ‘काळ’ याच सुमारास जामिनाच्या मागणीनंतर बंद पडलं. हा कायदा १९२२ मध्ये गेला, पण १९३१ मध्ये अनामतीची तीच पद्धत आणीबाणीच्या अधिकारांच्या नावाने परत आली. १९४२ च्या चळवळीत म्हणूनच सायक्लोस्टाइलची पत्रकं निघाली. घरात लपवता येतं, काखेत मारून नेता येतं असं ते यंत्र होतं.

स्वराज्य आलं. घटनेच्या १९ व्या कलमात भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, ‘प्रेस’ हा शब्द तिथे नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत याबद्दल प्रश्न निघाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की प्रेस म्हणजे नागरिकच. नागरिकाला नाहीत असे खास हक्क प्रेसला नाहीत, आणि संपादक लिहितो तेव्हा तो आपला नागरिकाचाच हक्क वापरत असतो. मघाशी आपण लंडनच्या झगड्यातून जो अर्थ काढला, तिथेच बाबासाहेब वेगळ्या वाटेने पोहोचले.

पण मग यंत्राचं काय, कागदाचं काय? हे प्रश्न कोर्टात आले आणि त्यातले दोन आपल्याच प्रांतातून गेले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या नियतकालिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात बंदी केली. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो लोकांपर्यंत पोहोचवणंही येतं. दुसरं प्रकरण पुण्याच्या ‘सकाळ’चं. किमतीप्रमाणे किती पानं द्यायची हे सरकारने ठरवून दिलं. पानं वाढवायची तर किंमत वाढवा, किंमत वाढवली की वाचक कमी. कोणत्याही शब्दावर बंदी नव्हती. तरी १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण पानं आणि खप बांधणं म्हणजे बोलणंच बांधणं.

आणि १९७५. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली तेव्हा सेन्सॉरचे हुकूम निघायच्या आधी दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. कनॉट प्लेसच्या भागात वीज दुसऱ्या यंत्रणेची होती, म्हणून तिथल्या काही वृत्तपत्रांचे अंक निघाले. १७८२ मध्ये हिकीचे खिळे उचलले होते, १९७५ मध्ये वीज तोडली. मधे जवळजवळ दोनशे वर्षं आणि एक स्वातंत्र्य, पण हात गेला तो त्याच जागी.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात प्रेस आहे. हिकीच्या काळी दोन माणसं मिळून तासाला साधारण २०० ते २५० ताव एका बाजूने छापत. आता एका बोटाच्या दाबाने त्याहून जास्त लोकांपर्यंत मजकूर जातो. मग ‘प्रेसचं स्वातंत्र्य’ जुनं झालं का? आम्हाला तसं वाटत नाही. यंत्र खिशात आलं, पण त्याचा दांडा खिशात आलेला नाही. इंटरनेट बंद करता येतं. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की इंटरनेटवरून बोलण्याचं स्वातंत्र्यही १९ व्या कलमात येतं आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आणि फुस्टला विसरू नका. मोठ्या वृत्तपत्राचं, वाहिनीचं, आपण वापरतो त्या अ‍ॅपचं यंत्र कोणाच्या पैशावर उभं आहे, हा प्रश्न १४५५ इतकाच ताजा आहे. सत्तेचा दाब बातमीत तरी येतो, पैशाचा दाब तिथेही येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं, ‘प्रेसवर दबाव आहे’, तर आपण दोन गोष्टी विचाराव्यात. नेमकं काय धरलं आहे, माणूस, कागद, वीज, जाहिरात की नेटवर्क? आणि धरणारा हात कोणाचा आहे? पत्रकाराला अटक झाली तर निदान ते दिसतं, त्यावर चर्चा होते. छापखानदार ‘दुसरीकडे बघा’ म्हणतो तेव्हा काही दिसत नाही, फक्त एक लेख कधी छापलाच जात नाही, आणि आपण काय वाचलं नाही हे आपल्याला कळतही नाही. ते नुकसान पत्रकाराचं थोडं असतं, आपलं जास्त.

आजचं व्याख्यान इथे थांबवू.